अनुभव धागा : थंडीतले सायकलिंग आणि त्यासाठीचा पोशाख

थंडी सुरू झाली की माझी सायकल कोपऱ्यात जात असे आणि उन्हाची तिरीप वाढू लागल्यावरच बाहेर निघत असे. अडचण थंडीची नसून मी घालत असलेल्या कपड्यांची आहे, हे फार उशिरा उमगले. पहिल्या हिवाळ्यात मी सुती बनियन, त्यावर जाड स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून निघाले. चढ संपेपर्यंत बनियन घामाने चिंब झाले होते. उतारावर वारा लागताच तेच ओले कापड पाठीला चिकटले आणि घरी पोचेपर्यंत दात वाजत राहिले. सुती कापड घाम धरून ठेवते आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे जाड स्वेटरचा काहीच उपयोग झाला नाही. आता मी अंगालगत मरिनो लोकरीचे पातळ बनियन, त्यावर हलके फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा थर) आणि सर्वांत वर वारा अडवणारे, काखेत चेन असलेले जाकीट घालते, आणि चढ लागण्यापूर्वीच त्या चेन उघडते. निघताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटले, तर एक थर जास्त झाला असे समजून तो उतरवते. आपण काय घालता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय घालून फसलात, ते कृपया सविस्तर लिहावे.

* * *

माझे सगळे बोटांपाशी अडत असे. एका पहाटे उतारावर ब्रेक दाबायला गेलो, तेव्हा बोटे वळेचनात. शेवटी तळहाताच्या जोरावर ब्रेक दाबून कसाबसा थांबलो आणि हात काखेत धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. रक्त परतू लागल्यावर बोटांच्या टोकांना जो ठणका लागला, तो मी विसरलेलो नाही. त्यानंतर एकावर एक असे दोन हातमोजे घालून पाहिले, तर बोटे आवळली जाऊन जास्तच बधिर झाली. दोन-दोन बोटे एकत्र राहतील अशा हातमोज्यांनी बराच फरक पडला, कारण शेजारची बोटे एकमेकांना ऊब देतात आणि ब्रेकही नीट धरता येतो. परंतु खरे सुख मिळाले ते हँडलवरच बसवायच्या खोळींमुळे. ब्रेक आणि गिअर खोळीच्या आतच राहतात, वारा हातापर्यंत पोचत नाही, आणि आत पातळ हातमोजे पुरतात. दिसायला त्या बोजड आहेत हे मान्य. तरीही थंडीसाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी याच सुचवेन. आणखी एक सांगावेसे वाटते : धड गारठले की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते, म्हणून गळ्याभोवती पट्टी गुंडाळल्यावर माझे हातही लवकर गार पडत नाहीत.

* * *

वारा पडलेला असला तरी सायकलस्वार स्वतःच्या वेगाने तो अंगावर घेतच असतो. शून्य अंश तापमानात ताशी २० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे उणे ५ अंशांइतका गारठा जाणवतो. म्हणून मी पुढून वारारोधक आणि पाठीला जाळीदार असलेलेच जाकीट वापरतो. ते नव्हते तेव्हा लांब उतारापूर्वी छातीवर, जाकिटाच्या आत, वर्तमानपत्र घालत असे. शर्यतीतले सायकलपटूही पूर्वापार हेच करत आले आहेत, आणि ते खरोखर काम करते.

* * *

पायांविषयी अजून कोणी लिहिले नाही. माझ्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी धातूची पट्टी आहे आणि नेमका तिच्यावरचा भाग आधी बधिर होत असे, कारण धातूवाटे उष्णता निघून जाते. आत जाड सोल घातला आणि वरून निओप्रीनचे (रबरासारख्या कृत्रिम कापडाचे) आवरण चढवले. जाड पायमोज्यांसाठी मात्र मला एक माप मोठे बूट घ्यावे लागले. बुटात बोटे हलत नसतील, तर कितीही उबदार मोजे घातले तरी पाय गारठतातच.

* * *

कपड्यांइतकीच टायरची काळजी घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोरड्या दिसणाऱ्या रस्त्यावरून जाऊन पुलावर आले आणि काही कळायच्या आत कुशीवर पडले. पुलाला खालूनही थंड हवा लागत असल्याने तिथे बर्फाचा पातळ, न दिसणारा थर आधी धरतो. आता बर्फाच्या दिवसांत मी खिळ्यांचे टायर लावते. ते जड चालतात आणि कोरड्या रस्त्यावर करकर वाजतात, पण वळणावर चाक धरून ठेवतात. हवेचा दाबही तपासावा : २० अंशांच्या खोलीत ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेला टायर शून्य अंशात सुमारे ७३ वर येतो.

* * *

नाकावर कापड ओढले की श्वासाची वाफ वर जाऊन चष्मा धुरकट होतो, म्हणून मी ते नाकाखालीच ठेवतो. दिव्याचाही एक अनुभव आहे. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, हे माहीत नसल्यामुळे एकदा परतीच्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवा अर्ध्यातच मंदावला. तेव्हापासून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतो, आणि घरी आल्यावर ती खोलीइतकी कोमट झाल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही.