वकिलातीवरचा झेंडा आणि रस्त्यावरची गादी

कंपाला रिटर्न:
परवा इथं फोरमवर ‘आता भारतानं आवाज उठवावा’ अशा थाटाचा लेख आला. सार एवढंच, की २०१८ला आपलं ३७७, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम, गेलं, तर आता आफ्रिकेतल्या देशांना कर्ज देताना ‘समलैंगिकांना तुरुंगात टाकणार नाही’ असं लिहून घ्यावं. खाली वाहवा, लाख बोललात वगैरे. प्रतिसाद द्यायला बसलो तर तो आवरेना, म्हणून वेगळा धागा.

मी २००९ ते २०१६ उगांडाच्या राजधानीत, कंपालात होतो. हार्डवेअरचा होलसेल धंदा, मी हिशेब बघायचो. मालक गुजराती, ७२ साली अमीननं हाकललेल्या घरातला, पुढं परत आलेला. २४ फेब्रुवारी २०१४ला अध्यक्ष मुसेवेनींनी समलैंगिकांविरुद्धच्या कायद्यावर सही केली, कॅमेऱ्यांसमोर, समारंभच. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका टॅब्लॉइडनं समलैंगिक म्हणून दोनशे जणांची नावं छापली. आमच्या गोदामात माल मोजणारा एक पोरगा होता. त्याचं नाव यादीत नव्हतं, त्याच्या जोडीदाराचं होतं. संध्याकाळी पोराला घरी सोडायला गेलो तर घरमालकानं सामान बाहेर काढलेलं. गादी, रॉकेलचा स्टोव्ह, लाल प्लॅस्टिकचं घमेलं आणि त्यात भिजत घातलेला राजमा. राजमा कुणी सांडला नव्हता, नीट उचलून बाहेर ठेवला होता. गल्लीतल्या बायका बघत उभ्या. मी गाडीतून उतरलो नाही.

आता त्याआधीचं. २०११च्या ऑक्टोबरात ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून म्हणाले, असे कायदे ठेवणाऱ्या देशांची मदत कापू. डिसेंबरात ओबामांनी आपल्या खात्यांना फर्मान काढलं आणि त्यांच्या परराष्ट्रमंत्री हिलरीबाईंनी जिनिव्हात भाषण केलं. भाषण चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण कंपालातल्या खासदारांच्या हातात आयतं कोलीत मिळालं: बघा, गोऱ्यांचं खूळ, पैशाच्या जोरावर आपल्या पोरांच्या गळी उतरवतायत. मुसेवेनींच्या प्रवक्त्यानं तर सांगूनच टाकलं की पाश्चात्त्यांच्या दबावापुढं आम्ही स्वतंत्र आहोत हे या सहीतून दाखवायचंय. मग जागतिक बँकेनं ९ कोटी डॉलरचं कर्ज अडवलं. कशासाठीचं? दवाखान्यांसाठीचं, बाळंतपणाच्या सोयींसाठीचं. शिक्षा कुणाला झाली बघा. कायदा ऑगस्टात पडला तो तिथल्याच कोर्टात, मंजूर करताना कोरम, म्हणजे पुरेसे खासदार हजर नव्हते म्हणून. २०२३ला त्याहून जहाल आला, काही कलमांना थेट फाशी. पुन्हा बँकेनं नवी कर्जं थांबवली, अमेरिकेनं व्यापारातली सवलत काढली. कायदा अजून आहे. बँक २०२५ला परत कर्ज द्यायला लागली.

आणि २०११लाच आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांनी निवेदन काढून सांगितलं होतं, मदतीला असल्या अटी घालू नका, राग आमच्यावर निघेल. ते तिथं राहणारे लोक. कोथरूडच्या बाल्कनीत बसून त्यांना शहाणपण कोण शिकवणार?

निळासावळा:
लिहिलंत झकास, पण एक चलाखी केलीत. ‘मदत तोडू नका’ आणि ‘बोलू नका’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांनी पहिलं म्हटलं, तुम्ही दुसरं वाचलंत.

आणि गोऱ्यांचं खूळ कुठलं? ३७७ मेकॉलेच्या मसुद्यातनं १८६०ला आलं. साहेब जिथं गेला तिथं तेच कलम थोड्या फरकानं घेऊन गेला, उगांडातसुद्धा. ते मात्र त्यांच्या संस्कृतीत मुरलं!

११ डिसेंबर २०१३. सुप्रीम कोर्टानं ३७७ परत जिवंत केलं तो दिवस. मी कर्वेनगरला तिघांत फ्लॅट घेऊन राहत होतो. बातम्या बघता बघता रूममेट म्हणाला, “बरं झालं, डोक्यावर बसले असते हे लोक.” मी त्याच्याकडं लोणच्याची बरणी सरकवली. जेवलो, माझी पाळी होती म्हणून भांडी घासली. त्या रात्री टिंबक्टूच्या राजदूतानं माझ्या बाजूनं एक ओळ म्हटली असती तरी मला चाललं असतं. तुमच्या राष्ट्राभिमानाला लागलं असतं तर लागू दे.

दुसरं. पुण्यात ट्रान्सजेंडर लोकांसाठी मित्र क्लिनिक होतं, हैदराबाद आणि कल्याणलाही होतं. पैसा अमेरिकी सरकारचा. २०२५ला तिकडं ट्रम्प परत आले, पैसा थांबला, क्लिनिकं बंद. माझी एक मैत्रीण तिथं हार्मोनच्या तपासण्यांना जायची. फायलीवर तिनं ठेवलेलं नाव असायचं. आता दुसरीकडं जाते, तिथला काउंटरवरचा माणूस भरल्या हॉलमध्ये आधारवरचं नाव पुकारतो, दोनदा. हीपण डिप्लोमसीच होती, बिनभाषणाची.

बाकी त्या पोराचं पुढं काय झालं? राजम्यापाशी येऊन थांबलात.

पाषाणचा पेन्शनर:
तुमच्या त्या ११ तारखेच्या दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कात आपल्या देवयानी खोब्रागडेंना अटक झाली. अंगझडती घेतली, एका राजनैतिक अधिकाऱ्याची! तेव्हा मानवाधिकार कुठं पेंड खायला गेले होते? यशवंत सिन्हा तेव्हा बरोबर बोलले होते, अमेरिकी अधिकाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना ३७७खाली आत टाका. आम्हाला मुलीकडं जायला व्हिसाच्या मुलाखतीचा स्लॉट मिळाला चौदा महिन्यांनी. नातू रांगायचा तो पळायला लागला. हे आपल्याला हक्क शिकवणार.

अर्धा कप:
काका, खोब्रागडे प्रकरणात आरोप मोलकरणीच्या पगाराचा होता, तेवढं गाळलंत. आणि एका देशावरचा राग काढायला कुणाच्या तरी नवऱ्याला तुरुंगात घालायचं, ही मुत्सद्देगिरी असेल तर नळावरची भांडणं काय वाईट?

शनिपारवाला:
मूळ मुद्दा तत्त्वाचा आहे. सुधारणा हवी का नको हा प्रश्नच नाही, ती कुणी करायची हा आहे. १८९१च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय ठरवणाऱ्या कायद्याला लोकमान्यांनी विरोध केला तो याचसाठी. परक्या सरकारनं आमच्या घरात डोकावू नये. उगांडाचा माणूस आज तेच म्हणतोय, फक्त टिळक वाचलेले नाहीत त्यानं.

अर्धा कप:
आले! वाटच बघत होते. संमतिवय किती होतं आणि किती केलं तेही लिहा ना. दहाचं बारा. दहाचं बारा करायला एवढा गहजब. कलकत्त्याची फुलमणी दहा-अकरा वर्षांची मेली त्या कायद्याच्या आधी, नवऱ्यामुळं. तिनं स्वराज्याची वाट बघायची होती का?

शनिपारवाला:
शाळेच्या पुस्तकापलीकडं वाचन नसलं की असं होतं. टिळकांनी स्वतः सुचवलं होतं की मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, चाळिशीनंतर पुरुषानं लग्न करू नये. सरकारी बारापेक्षा हे चार वर्षं पुढं. पण हे सांगितलं की तुमच्या पुरोगामी कंपूचं पोट दुखतं.

अर्धा कप:
पोट अजिबात दुखत नाही. ते सोळा स्वखुशीचे होते, पाळले किती जणांनी? माझ्या पणजीच्या आईचं लग्न नवव्या वर्षी झालं, नारायण पेठेत. सासरी आली तेव्हाच्या तिच्या पाटल्या आमच्याकडं आहेत. माझी मुलगी पाचवीत आहे, तिच्या हातात जात नाहीत, अंगठ्यापाशीच अडतात. साबण लावून बघितलं. तुम्ही तत्त्व सांगा, मी पाटल्या दाखवते. आगरकर ‘सुधारक’मधनं त्या कायद्याच्या बाजूनं लिहीत होते, आणि त्या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती याच शहरानं. रखमाबाई लहानपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात भांडली तेव्हा इथं तिला शिव्या मिळाल्या. लंडनला डॉक्टरकी शिकायला मदत केली ती एडिथ पेची या गोऱ्या बाईनं.

शनिपारवाला:
प्रेतयात्रा काढणाऱ्यांत टिळक होते का? नव्हते. मग? आगरकरांचं नाव घ्यायला तुम्हाला फक्त टिळकांना बडवायचं असतं तेव्हाच आठवतं. आणि पाटल्यांचं भावनिक ब्लॅकमेल थांबवा.

अर्धा कप:
तुम्हाला टिळक गणपतीत आणि असल्या धाग्यांतच आठवतात. फिट्टंफाट.

दोन चहा:
शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

कंपाला रिटर्न:
धागा उगांडाचा आहे, कुणाच्या लक्षात आहे का? नारायण पेठेतनं बाहेर या लोकहो.

हडपसरची सून:
मीच येते बाहेर. ‘दुसऱ्याच्या घरात डोकावू नये’ हे आपण केव्हापासून पाळायला लागलो? १९४६ला, स्वातंत्र्य मिळायच्या आधी, आपण दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांना कसं वागवतात हे संयुक्त राष्ट्रांत नेलं. ते मात्र अभिमानानं सांगायचं.

पण मूळ लेखवालेही हवेत आहेत. कर्जाला अटी कसल्या घालता? २०१५च्या मार्चमध्ये रशियानं संयुक्त राष्ट्रांत ठराव आणला, तिथल्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना लाभ नकोत म्हणून. भारतानं रशियाच्या बाजूनं मत दिलं. ठराव ४३ विरुद्ध ८० मतांनी पडला, आपण पडणाऱ्या बाजूला. २०१६ला मानवाधिकार परिषदेत या विषयावर तज्ज्ञ नेमायचा होता, तिथं तटस्थ. आधी स्वतःचं बटण नीट दाबा. लग्नाचं तर २०२३ला कोर्टानं संसदेकडं टोलवलं, आणि २०२४ला अर्थखात्यानं कळवलं की जोडीदाराबरोबर बँकेत जॉइंट खातं उघडायला हरकत नाही. माझ्या दिराला हे सांगितलं तर म्हणाला, वहिनी, आमचं खातं सहा वर्षांपासून आहे, फॉर्मवर ‘मित्र’ लिहिलं होतं.

कंपाला रिटर्न:
ताई, मतदानाचा मुद्दा मान्य. लाज वाटण्यासारखंच आहे ते. पण बोट्स्वानात २०१९ला कायदा गेला तो तिथल्या न्यायाधीशांनी काढला. सिंगापूरनं २०२२ला ३७७ए रद्द केलं ते त्यांच्या संसदेनं. कुणाच्या राजदूतानं नाही. आणि आपले मोदी २०१८च्या जुलैत उगांडाच्या संसदेत सांगून आले की आमची मदत तुमच्या प्राधान्यानं चालेल. आता कुठल्या तोंडानं अट घालणार?

निळासावळा:
तोंडाचं नंतर बघू. त्या पोराचं काय झालं? दुसऱ्यांदा विचारतोय.

कंपाला रिटर्न:
त्याचा इथं संबंध नाही.

निळासावळा:
गादी, स्टोव्ह, राजमा, सगळं तुम्हीच मांडलंत. तेव्हा होता संबंध.

कंपाला रिटर्न:
ठीक. सहा-सात महिने तो गोदामात झोपला, सिमेंटच्या गोण्यांच्या मागं. मालकाला माहीत होतं, त्यानं कधी विचारलं नाही, फक्त रात्रीचा दिवा बंद ठेवायला सांगितला. मग एका युरोपीय वकिलातीतल्या बाई यायला लागल्या. गिऱ्हाईक म्हणून. मी दर वेळी बिजागऱ्यांचं बिल करायचो, शंभर-शंभर बिजागऱ्या, काय केलं असेल त्यांचं देव जाणे. २०१५ला तो गेला. आता तिकडं बस चालवतो, दिवाळीला मेसेज करतो. जोडीदाराचं कळलं नाही.

आधी लिहिलं नाही कारण तुम्ही तेवढंच उचलणार होतात.

निळासावळा:
उचललं. म्हणजे वकिलात चालते, पण बिजागऱ्या घ्यायला आली तर.

कंपाला रिटर्न:
हो, तसं म्हणा. कर्जाच्या अटीबद्दल मी एक शब्द मागं घेत नाही. त्या बाईंनी झेंडा लावला असता तर गोदामाला आग लागली असती.

अर्धा कप:
आणि बिजागऱ्या घेणाऱ्या बाईंना तिथं नेमलं कुणी? त्यांच्या सरकारनंच ना? की त्या सहज फिरायला आल्या होत्या कंपालात?

शनिपारवाला:
त्यांच्या सरकारनं आपल्या देशात आसरा दिला, उगांडाचा कायदा नाही बदलला. हाच फरक मी वर सांगत होतो. पण इथं वाचतंय कोण.

पाषाणचा पेन्शनर:
त्या पोराला व्हिसा किती दिवसांत मिळाला? आम्ही चौदा महिने थांबलो.