मदत हवी आहे: हार्डवेअरच्या डिझाइन्स एकत्र कुठे आणि कशा ठेवायच्या?

मंडळी, आम्ही गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडचे चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी बसून इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड बनवतो, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या) पाण्याचा खारटपणा मोजणारा सेन्सर, काजू सुकवायच्या पेटीचा तापमान कंट्रोलर असलं कायकाय, आणि सगळ्याच्या फायली प्रत्येकाच्या लॅपटॉपवर नायतर व्हॉट्सॲपवर, "फायनल", "फायनल२", "खरंच फायनल" अशा नावांनी. गेल्या पावसात एकाचा लॅपटॉप बसला आणि दोन महिन्यांचं काम गेलं, म्हणून आता ऑनलाइन सामायिक जागा हवीच.

गिट (फायलींचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरावं असं वाटतं, कायकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या फायली टेक्स्टच असतात त्यामुळे चालेल, पण दोघांनी एकाच वेळी ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) हलवले तर दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना वाट लागते. तुम्ही कसं करता, बोर्ड एकानेच धरायचा का? आणि डब्याच्या थ्रीडी फायली मोठ्या, गिटहब (गिटमधलं काम ऑनलाइन ठेवायची साइट) १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, एलएफएस (मोठ्या फायलींसाठीची गिटची जोड) कुणी वापरलंय का? नुसती एसटीएल (थ्रीडी प्रिंटला देतात ती फाइल) ठेवून उपयोग नाही हे कळलंय, ती नीट बदलता येत नाही, स्टेप (वेगवेगळ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलता येणारी फाइल) आणि मूळ फाइलपण हवी.

लायसन्सवरून तर भांडणच चाललंय. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या २०२० च्या ओएचएल दोन या खुल्या हार्डवेअरच्या लायसन्समध्ये एस, डब्ल्यू आणि पी असे तीन प्रकार, एस घेतलं तर बदल करून वाटणाऱ्याने बदलसुद्धा खुले करायचे, पी मध्ये तसं बंधन नाही, डब्ल्यू मधलं. मला एस बरं वाटतं, बाकीचे म्हणतात लोक घाबरतील. तुमचा अनुभव काय?

शिवाय पार्ट्सची यादी आणि जोडणीची माहिती मराठीत ठेवावी की इंग्रजीत, तेपण सांगा.