जुन्या शालेय पुस्तकांतून लॅटिन: केनेडी आधी की केंब्रिज?

पानवेल
केनेडीचं 'रिवाइज्ड लॅटिन प्रायमर' आणि 'केंब्रिज लॅटिन कोर्स'चं पहिलं पुस्तक, अशी दोन शालेय पुस्तकं हाताशी आहेत. दहावीपर्यंतचं संस्कृत झालंय, रोज अर्धा तास देता येईल, शिक्षक नाही. सुरुवात कशाने करावी? केनेडीतला विभक्तींचा क्रम आणि अमेरिकी तक्त्यांतला क्रम वेगळा दिसतो. पाठ कुठला करायचा? आणि उच्चार 'सिसेरो' की 'किकेरो'?

तळटीप
दोन्ही लागतील, पण एकाच कामाला नाही. केनेडी म्हणजे निव्वळ व्याकरण. त्यात चढत्या क्रमाचे धडे नाहीत, स्वाध्याय नाहीत. १८८८ साली ते केनेडींच्या नावावर निघालं. प्रत्यक्षात त्यांच्या मुली मॅरियन आणि ज्युलिया यांनी ते लिहिलं, असं आता अभ्यासक मानतात. इंग्लंडमधल्या मुलांच्या पिढ्यांनी या मालिकेतल्या छोट्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अक्षरं घुसडून 'शॉर्टर लॅटिन प्रायमर'चं 'शॉर्टब्रेड ईटिंग प्रायमर' केलं. पहिल्या पानापासून सलग पाठ करायला घेतलंत, तर तीन महिन्यांनी तक्ते घडाघडा म्हणता येतील आणि चार ओळींचा उतारा मात्र लागणार नाही.

केंब्रिज १९७० पासूनचं. पाँपेईतला सावकार कैकिलिउस्, त्याची बायको मेतेल्ल, मुलगा क्विन्तुस्, स्वयंपाकी ग्रुमिओ यांच्या गोष्टी आहेत आणि बाराव्या पाठात व्हेसुव्हियसचा उद्रेक. हा कैकिलिउस् खराच होऊन गेला. वाचन भरपूर, पण यातला धोका असा की चित्र आणि कथेवरून अर्थ कळतो, म्हणून डोळा शब्दाच्या शेवटाकडे जातच नाही. 'कनेम् पुएल्ल अमत्' याचा अर्थ 'कुत्र्याचं मुलीवर प्रेम आहे' असा लावणारे पुष्कळ. कनेम् द्वितीया आहे. प्रेम मुलगी करते.

म्हणून प्रत्येक पाठ असा करा. गोष्ट दोनदा मोठ्याने वाचा. तिसऱ्यांदा चित्र झाकून प्रत्येक नामाचा प्रत्यय अधोरेखित करा. नवी नामं वहीत लिहिताना सोबत षष्ठी एकवचन लिहाच: मेन्स (टेबल), मेन्सै. पहिल्या पुस्तकात षष्ठी शिकवलेलीच नाही, ती दुसऱ्या पुस्तकात येते, त्यामुळे ती केनेडीतून किंवा शब्दकोशातून घ्यावी लागेल. हे टाळू नका. नामांचे पाच गण, म्हणजे ती चालवायच्या पाच पद्धती, षष्ठीवरूनच ओळखायचे असतात. त्याच दिवशी केनेडीतला त्या गणाचा एकच तक्ता करा. शेवटी पाच मराठी वाक्यं लॅटिनमध्ये लिहा. खरी परीक्षा तिथे होते.

क्रम केनेडीचाच ठेवा: प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, अब्लेटिव्ह (तृतीया, पंचमी, सप्तमी यांचं काम करणारी विभक्ती). सारखी रूपं त्यात शेजारी येतात. नपुंसकलिंगात पहिली तिन्ही रूपं एकच, अनेकवचनात शेवटची दोन एकच. पाठांतराचं ओझं बरंच उतरतं.

अनुस्वार
उच्चाराबद्दल. शालेय पुस्तकांतून शिकताना किकेरो. क नेहमी क, व इंग्रजी 'डब्ल्यू'सारखा, 'एई' जोडी म्हणजे ऐ. 'चिचेरो' हा उच्चार चर्चमधल्या गायनातला, इटालियन वळणाचा. दोन्ही बरोबर आहेत, फक्त मिसळू नका.

वहीत देवनागरी वापरणार असाल तर संस्कृतसारखी वापरा, अंत्य अ उच्चारून. मग मेन्स ही प्रथमा आणि मेन्सा ही अब्लेटिव्ह, हा फरक आपोआप दिसतो. छापील रोमन लिपीत वर रेघ नसेल तर दोन्ही सारखेच दिसतात. मलुम् म्हणजे वाईट गोष्ट, मालुम् म्हणजे सफरचंद. लिबेर् पुस्तक, लीबेर् स्वतंत्र. एवढंच सांभाळा की हा अ 'कमळ'मधला नाही. तोंड उघडं ठेवून आखूड आ म्हणायचा.

आता आपली लिपी नेमकी कुठे दगा देते ते. संस्कृतात ए आणि ओ कायम दीर्घ असतात, लॅटिनमध्ये ते ऱ्हस्वही असतात आणि रोजच्या देवनागरीत ते दाखवायला चिन्ह नाही. लेगित् म्हणजे 'वाचतो'. त्यातला ए दीर्घ केला की 'वाचलं'. तिथे अक्षरावर हाताने आडवी रेघ मारा. मोनेरे (बजावणं) आणि रेगेरे (राज्य करणं) कागदावर जुळे दिसतात, पण पहिल्यात 'ने' दीर्घ आहे, म्हणून क्रियापदांचा दुसरा गण. दुसऱ्यात 'गे' ऱ्हस्व, म्हणून तिसरा. सगळी रूपं त्यावर फिरतात.

आघाताचा नियम वृत्तं शिकलेल्याला सोपा जातो. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. अमीकुस्: मी गुरू, आघात मीवर. दोमिनुस्: मि लघू, आघात दोवर. जोडाक्षराआधीचं अक्षर इथेही गुरू, पण 'ब्र', 'त्र'सारख्या जोडणीआधी सहसा नाही. म्हणून तेनेब्रै मध्ये आघात पहिल्या 'ते'वर.

रानमेवा
तळटीप यांच्या म्हणण्यात एक भर. या पुस्तकांभोवती इंग्रजी शाळांत एक सल्ला फिरत असे: आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग उरलेलं. तो तुम्ही पाळू नका. तो इंग्रजी मुलांसाठी आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणं त्यांना खटकतं, आपल्याला नाही. डावीकडून उजवीकडे, मराठी वाक्यासारखं वाचा. 'क्वी... इस्' ही जोडीसुद्धा आपली 'जो... तो'च आहे.

संस्कृतचा उपयोग मुख्यतः अब्लेटिव्हसाठी. संस्कृतातल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी तिघींचं काम ही एकटी करते: ग्लदिओ, तलवारीने, अब् उर्बे, शहरापासून, इन् उर्बे, शहरात. पण इन् उर्बेम् झालं की द्वितीया, म्हणजे 'शहराच्या आत जाणं'. शालेय पुस्तकं 'उर्बे कप्ता' (शहर जिंकल्यावर) या रचनेसाठी पानंच्या पानं खर्च करतात. तुम्हाला 'नगर्यां जितायाम्' आठवलं की पुरे, ती सति सप्तमीच आहे.

एक ठिकाण मात्र संस्कृतपेक्षा मराठीतून लवकर कळतं. एपिस्तुल मिहि लेगेन्द एस्त्: चिठ्ठी मला वाचायची आहे. लिबेर् मिहि लेगेन्दुस् एस्त्: ग्रंथ मला वाचायचा आहे. संस्कृतात इथे 'मया', तृतीया. लॅटिनमध्ये मिहि म्हणजे चतुर्थी, थेट आपल्या 'मला'सारखी, आणि 'वाचायची-वाचायचा' जसं नामाप्रमाणे बदलतं तसंच लेगेन्द-लेगेन्दुस्. फक्त मराठीत त्याला इच्छेचाही अर्थ आहे. लॅटिनमध्ये केवळ कर्तव्याचा.

पानवेल
सगळ्यांचे आभार. दोन जागी अडलंय. 'तेम्पुस्' (काळ) हे दोमिनुस्सारखं का चालत नाही? आणि 'रेगेत्' वर्तमान समजलं तर उत्तर चुकतं.

तळटीप
तेम्पुस्ची षष्ठी पाहा: तेम्पोरिस्. म्हणजे तिसरा गण, नपुंसकलिंग, द्वितीयाही तेम्पुस्च. कोर्पुस्, कोर्पोरिस् तसंच. प्रथमेवरून गण ठरवला की ही चूक हमखास होते.

रेगेत्चं असं: तोच 'ए' पहिल्या गणात विध्यर्थ, दुसऱ्यात वर्तमान, तिसऱ्यात भविष्य दाखवतो. अमेत् प्रेम करावं, मोनेत् बजावतो, रेगेत् राज्य करील. म्हणून क्रियापदाची चारही मूळ रूपं लिहून ठेवा. शब्दकोशात ती धातूखाली नाही, 'मी'च्या रूपाखाली सापडतात. तुली (मी नेलं) शोधायचं असेल तर फेरो (मी नेतो) उघडा: फेरो, फेर्रे, तुली, लातुम्.