मदत हवी आहे : ब्लोअरच्या शाफ्टचे कंपन तापल्यावरच का वाढते?

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी देखभाल विभाग सांभाळतो. रंग सुकवण्याच्या भट्टीतील गरम हवा ओढणारा आमचा ब्लोअर ४५ किलोवॉटच्या मोटरला कपलिंगने थेट जोडलेला असून मिनिटाला १४८० फेरे घेतो. सुरू करताना बेअरिंगवरील कंपन सेकंदाला २.३ मिलिमीटर असते, पाऊण तासात ते ८.६ वर जाते आणि यंत्र थंड झाले की पूर्ववत होते. यंत्रांच्या कंपनाचे मानक आयएसओ १०८१६-३ (२०२२ पासून त्याची जागा आयएसओ २०८१६-३ ने घेतली) यानुसार या क्षमतेच्या यंत्राला लवचीक पायावरही ७.१ ही धोक्याची हद्द आहे. दोन महिन्यांत कपलिंगकडचे बेअरिंग दोनदा बदलावे लागले.

बॅलन्सिंग, म्हणजे फिरणाऱ्या भागाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करणे, दोनदा करून घेतले. थंड यंत्र सुधारले, तापलेले तसेच राहिले. वाढलेले कंपन जवळजवळ सगळे फेऱ्यांच्याच वारंवारितेला, म्हणजे २४.७ हर्ट्झला आहे. अलाइनमेंट, म्हणजे मोटर व ब्लोअरचे शाफ्ट एका रेषेत असणे, बिघडले की दुप्पट वारंवारितेला किंवा अक्षाच्या दिशेने कंपन दिसते. येथे तसे फारसे काही दिसत नाही, शिवाय यंत्र बंद करताच डायल गेज लावून पाहिलेले अलाइनमेंटही ठीक निघाले. तापताना फेज (फेऱ्यातील कोणत्या कोनाला कंपन सर्वाधिक असते ते) मात्र सुमारे ६० अंशांनी सरकते, त्यामुळे शाफ्टच वाकत असावा असे माझे मत झाले आहे.

तो का वाकतो, येथे मी अडलो आहे. प्लमर ब्लॉक (बेअरिंगची घरे) उघडले तेव्हा दोन्हीकडे लोकेटिंग रिंग, म्हणजे बेअरिंगला जागीच अडकवणाऱ्या कड्या, निघाल्या, वास्तविक एका टोकाचे बेअरिंग सरकते हवे. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते, बेअरिंगमधील १.६ मीटर शाफ्ट ५० अंशांनी तापला तर जवळजवळ एक मिलिमीटर लांबी वाढते आणि तिला जायला जागाच नाही. दुसरीकडे, केसिंगच्या सीलखाली शाफ्ट एकाच बाजूने घासून चकचकीत झाला आहे. क्रांतिक वेगाच्या (ज्या वेगाला शाफ्टचे कंपन एकदम वाढते त्या वेगाच्या) खाली चालणाऱ्या शाफ्टची जड बाजूच घासते, तीच तापते, शाफ्ट त्याच बाजूला आणखी वाकतो आणि कंपन स्वतःलाच वाढवत नेते, हे मला ठाऊक आहे. पण ही घासण्याची खूण मूळ कारण आहे की अडकलेल्या बेअरिंगमुळे वाकलेल्या शाफ्टचा परिणाम, हे ठरवता येत नाही.

दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या तर कारण कळणार नाही, म्हणून आधी एका टोकाची रिंग काढून चालवावे की सील मोकळे करावे? घासण्यामुळे असेल तर फेज स्थिर न होता फिरतच राहते का, हे कोणी प्रत्यक्ष मोजले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. पाळीवरचे कामगार या ब्लोअरपासून हातभर अंतरावर उभे असतात, त्यामुळे तोवर कंपन ७.१ वर जाताच आम्ही तो बंद करत आहोत.