ब्रिटनमध्ये हीट पंपाचे अनुदान: लीड्स, अ‍ॅबर्डीनशायर आणि बेलफास्टला नियम वेगळे का?

लीड्सवासी
नमस्कार. लीड्समध्ये आमचे १९३०च्या दशकातले सेमी-डिटॅच्ड घर आहे. गॅसचा जुना कॉम्बी बॉयलर (खोल्या तापवणारा आणि टाकीशिवाय लागेल तेव्हा पाणी गरम करणारा) वारंवार बंद पडू लागल्यामुळे त्याच्या जागी हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बसवण्याचा आमचा विचार आहे. आम्हाला साडेसात हजार पौंडांचे अनुदान मिळेल असे सांगितले गेले. अ‍ॅबर्डीनशायरच्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला नऊ हजारांचा आकडा मिळाला, तर बेलफास्टच्या मावसबहिणीला असे अनुदान तिथे नाहीच असे कळले. अर्ज नेमका कोणी आणि कधी करायचा, आणि आमच्या पोटमाळ्याचे इन्सुलेशन (उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर) अपुरे असल्याने तो अडेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मँचेस्टरकर
आपल्याला लागू होणारी बॉयलर अपग्रेड स्कीम फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये चालते व तिचा कारभार ऑफजेम ही ऊर्जा नियामक संस्था पाहते. २०२२ साली ती सुरू झाली तेव्हा हवेवरच्या पंपाला ५,००० पौंड मिळत असत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ७,५०० झाली. अर्ज आपण करायचा नसतो. एमसीएस (अशी उपकरणे बसवणाऱ्यांच्या दर्जाचे) प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर तो करतो, ऑफजेमने विचारल्यावर आपण संमती द्यायची असते आणि अनुदान बिलातूनच वजा होते.

पूर्वी ईपीसीमध्ये, म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रात, पोटमाळ्याच्या किंवा पोकळ भिंतीच्या इन्सुलेशनची शिफारस बाकी असेल, तर अर्ज अडत असे. मे २०२४ मध्ये ती अट काढण्यात आली. तरीही पोटमाळ्याचे इन्सुलेशन आधी पूर्ण करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पंप किती मोठा लागेल हे घरातून किती उष्णता बाहेर जाते यावर ठरते आणि बॉयलरपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यावर खोल्या उबदार ठेवायच्या असल्याने काही रेडिएटरही बदलावे लागू शकतात. आपल्याकडे कॉम्बी आहे, म्हणजे गरम पाण्याची टाकी ठेवायला जागाही शोधावी लागेल. गॅस बॉयलर तसाच ठेवून जोडीला पंप लावणाऱ्यांना हे अनुदान मिळत नाही.

एडिनबरानिवासी
आपल्या भावाची योजना पूर्णपणे निराळी आहे. स्कॉटलंडमध्ये हा पैसा स्कॉटिश सरकार देते आणि अर्ज होम एनर्जी स्कॉटलंड या सरकारी सल्लासेवेकडे घरमालकाने स्वतः करायचा असतो. अनुदान ७,५०० पौंडांपर्यंत असते. ग्रामीण भागात किंवा बेटांवर घर असेल तर आणखी १,५०० मिळतात, म्हणून भावाला नऊ हजार सांगितले. त्याशिवाय ७,५०० पौंडांपर्यंत बिनव्याजी कर्जाचीही सोय आहे.

मात्र मंजुरीचे लेखी पत्र हाती येण्यापूर्वी काम सुरू करायचे नाही, ही अट त्याला आवर्जून सांगा. आमच्या इन्स्टॉलरकडे एक आठवडा मोकळा होता आणि पत्र येईलच असे त्याने सांगितल्यावर आम्ही होकार दिला. पंप बसला, पण अर्ज नामंजूर झाला आणि मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून आम्हाला सगळे बिल भरावे लागले. आजही त्या होकाराचे मला फार वाईट वाटते.

बेलफास्टनिवासी
आपल्या मावसबहिणीला मिळालेली माहिती बरोबर आहे. बॉयलर अपग्रेड स्कीम इथे लागू नाही. उत्तर आयर्लंडमधील बहुतेक घरे आजही हीटिंग ऑइलवर गरम होतात, त्यामुळे खरी गरज इथेच आहे, असे मला मनापासून वाटते. व्यवसायांनी अक्षय इंधनावर उष्णता तयार करावी म्हणून पैसे देणाऱ्या आमच्या जुन्या आरएचआय योजनेत इंधनाच्या खर्चापेक्षा अनुदान जास्त मिळत असे. २०१६ मध्ये ती नव्या अर्जदारांना बंद झाली आणि त्या वादातूनच जानेवारी २०१७ मध्ये इथले सरकार कोसळले. पंप बसवण्यावर शून्य व्हॅटची सवलत मात्र आम्हालाही १ मे २०२३ पासून मिळते. ती ३१ मार्च २०२७ पर्यंतच असल्याने बहिणीने ही तारीख लक्षात ठेवून कोटेशन मागवावीत.

लीड्सवासी
सर्वांचे मनापासून आभार. भावाकडे पुढच्या सोमवारी कामगार येणार आहेत आणि मंजुरीचे पत्र आल्याचे तो काहीच बोललेला नाही. मी आत्ताच त्याला फोन करते.