टिटलिस की युंगफ्राउयोख?
स्वित्झर्लंड, लिख्टेनस्टाइन आणि ऑस्ट्रिया अशा आठ दिवसांच्या सहलीत टिटलिस आणि युंगफ्राउयोख ही स्वित्झर्लंडमधील उंचावरची दोन्ही बर्फाळ ठिकाणे हवीत का, असे आपण विचारले आहे. सोबत सत्तरीचे आईवडील असतील तर एकच निवडावे, आणि माझा कौल युंगफ्राउयोखला आहे. १९१२ साली पूर्ण झालेली तेथे नेणारी दातेरी रुळांची रेल्वे आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून ३,४५४ मीटरपर्यंत चढते. वाटेत आइसमेअर स्थानकावर ती काही मिनिटे थांबते, तेव्हा खडकात कोरलेल्या खिडक्यांतून समोर हिमनदी दिसते. विरळ हवेमुळे वर उतरताच आमच्या आईला गरगरले होते, म्हणून तेथे घाई करू नये. लिख्टेनस्टाइनची राजधानी वडुझ मात्र ऑस्ट्रियातील इन्सब्रुककडे जाताना वाटेतच लागते (पासपोर्टावर हौसेचा शिक्का तेथे पैसे देऊन मिळतो), त्यासाठी तासभर पुरे.