सीनियर केजीतून लेकीला काढलं, आता घरीच खेळातून शिकवतेय. चूक करतेय का? (नाशिक)

लेकीची आई, इंदिरानगर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, कारण घरात रोज याच विषयावर वाजतंय. लेक सव्वापाच वर्षांची. जूनपासून शाळेत रोज चौरेघी वहीत दोन पानं घोटून घ्यायचे आणि पूर्ण नाही झाली तर मधल्या सुट्टीत बसवून ठेवायचे, बाकीची पोरं खाली घसरगुंडीवर आणि ही वर्गात वही पुढ्यात घेऊन. एका रात्री झोपेत बडबडली, "करते टीचर, करते." त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवाळीनंतर पाठवलंच नाही.

आता महिना झाला. सकाळी मटार सोलायला बसतो, दहा-दहा दाण्यांचे ढीग करतो, दहा ढीग झाले की शंभर, हे तिला कुणी सांगितलं नाही, तिनेच मोजून काढलं. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जातो, तिच्या हातात पन्नासची नोट देते आणि भाजी तिलाच घ्यायला लावते. एका गाजरवाल्या मावशींनी तिला तराजूत पाव किलोची चार वजनं एकेक करून टाकून दाखवली आणि पलीकडे एक किलोचं ठेवलं. घरी येईपर्यंत रिक्षात हेच चालू होतं, मग अर्ध्या किलोला किती पाव, दीड किलोला किती. अक्षरं रव्यात बोटाने काढते, पेन्सिल स्वतःहून मागितली तर देते, नाहीतर नाही.

सासूबाई म्हणतात पोर एकलकोंडी होईल, नवरा म्हणतो कायद्यात बसतं का ते आधी बघ. तुम्हाला काय वाटतं, स्पष्ट सांगा.

झेडपीच्या बाई
३४ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय म्हणून बोलते, राग मानू नको गं. मधल्या सुट्टीत बसवून ठेवणं चूकच, त्या शाळेतून काढलंस ते बरोबर केलंस. पण एक शाळा वाईट निघाली म्हणून शाळाच नको, हे मला पटत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला लहान मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे कोसबादला गेल्या. शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच त्यांची साधनं. आज तू जे मटारच्या दाण्यांनी करतेस तेच. पण त्यांनी मुलांना घरी नाही ठेवलं, त्या मुलांच्या अंगणात गेल्या, गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. अंगणात चार घरची पोरं जमतात म्हणून ते अंगण. तुझी लेक तुझ्याबरोबर खेळते तेव्हा तू तिला जिंकू देतेस, पहिला डाव देतेस, रुसली की समजूत काढतेस. दुसरं पाच वर्षांचं पोर यातलं काहीच करत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आणि हरल्यावर पुन्हा डाव मांडायचा, हे आईकडून शिकता येत नाही.

बाबा घरीच
कायद्याचं मी सांगतो, आमचा मुलगा तीन वर्षं घरीच शिकतोय. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि तो ६ ते १४ वयाला आहे. तुमची लेक अजून त्यात येतच नाही. सहा पूर्ण झाल्यावर मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, पण नाही घातलं तर पालकाला दंड किंवा शिक्षा त्यात लिहिलेली नाही. आणि उद्या वाटलंच तर कलम ४ आहे, मोठ्या मुलाला वयाप्रमाणे इयत्तेत घ्यावं लागतं. म्हणजे परतीचा रस्ता बंद होत नाही. पुढे एनआयओएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेची, मूलभूत शिक्षणाची परीक्षा आहे, ए लेव्हल म्हणजे तिसरी, बी म्हणजे पाचवी, सी म्हणजे आठवी, आणि चौदा पूर्ण झाल्यावर दहावी. आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वतःच म्हणतंय की ३ ते ८ वय खेळातूनच शिकायचं. सरकारला जे कळलं ते शाळांना कधी कळणार?

सातपूरकर
सगळं वाचलं. माझा एकच प्रश्न आहे, हे कुणी करायचं? मी कंपनीत तीन शिफ्टमध्ये, बायको सकाळी दोन घरी पोळ्या करायला जाते. आमची पोरगी अंगणवाडीत नाही गेली तर दिवसभर शेजारच्या टीव्हीसमोर बसेल. ताई, तुमची मुलगी नशीबवान आहे आणि तुमची मेहनत दिसते, पण तुमच्यासारखे बोलणारे, भांडू शकणारे पालक शाळा सोडून घरी गेले तर त्या शाळेत उरलेल्या चाळीस पोरांसाठी बाईंशी कोण बोलणार? तुमच्या लेकीला बसवून ठेवत होते तसंच अजून कुणाला तरी आजही बसवत असतील ना.

फिजिओ, गंगापूर रोड
लिहिण्याबद्दल थोडं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, पाच वर्षांच्या मुलात ती सगळी अजून दिसतही नाहीत एक्सरेत, कूर्चाच असते, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ भाग. हातावरचा ताबा आधी खांद्यात येतो, मग कोपर, मनगट, शेवटी बोटं. म्हणून कणीक मळणं, ओले रुमाल पिळणं, झाडावर लोंबकळणं, मणी ओवणं हे सगळं लिहिण्याच्याच आधीचं काम आहे. माझ्याकडे पहिलीतली पोरं बोटं दुखतात म्हणून येतात, आणि मी त्यांना लिहायला नाही, मातीत खेळायला सांगते. घरी करा नाहीतर शाळेत करा, पण सहाच्या आत दोन-दोन पानं नको.

मखमलाबादची मावशी
माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहिते. बहिणीने मुलाला आठ वर्षांपर्यंत घरीच ठेवलं, मळ्यात राहतात, पोरगा द्राक्षाची छाटणी, विरळणी सगळं सांगायचा, हुशार. वाचत नव्हता तर आम्ही म्हणायचो येईल त्याच्या वेळेने. शेवटी कळलं की डिस्लेक्सिया आहे, म्हणजे हुशार असूनही अक्षरं वाचायला अडचण येते. शाळेत तीस पोरांत बाईंच्या लवकर लक्षात आलं असतं, घरी तुलनेला दुसरं मूलच नव्हतं. बहीण अजून रडते त्या दोन वर्षांसाठी. ताई, घरीच शिकवायचं असलं तरी बाहेरच्या कुणी जाणत्या माणसाने अधूनमधून तिला बघितलं पाहिजे.

लेकीची आई, इंदिरानगर
सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं वाचून पोटात गोळा आला, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाई, एकटेपणाचं म्हणताय ते मला मान्य आहे, काल ती बाहुलीला म्हणत होती "आता तुझी पाळी", ते ऐकून मीही थबकले. सोसायटीतली दोन मुलं आहेत, तिच्याच वयाची, त्यांच्या आयांशी बोलणार आहे, आठवड्यातून तीन सकाळी आमच्या गच्चीवर. पण जूनमध्ये परत दोन पानांच्या शाळेत नाही घालणार, त्यावर मी ठाम आहे.

सातपूरकर दादा, तुम्हाला काय उत्तर देऊ कळत नाही. मी काढताना एक ओळीचा अर्जसुद्धा दिला नाही त्या शाळेला. का काढली ते सांगितलंच नाही.

झेडपीच्या बाई
मग ते लिहून दे. मुख्याध्यापकांच्या नावाने, पोच घेऊन, मधल्या सुट्टीचं स्पष्ट लिही. आणि गच्चीवर तीन पोरं जमली की कळव, मी पंचवटीतून येते, गुरुवार सोडून कधीही. माझ्याकडे चिंचोके आणि सागरगोट्यांचं गाठोडं आहे अजून.

सातपूरकर
अर्ज द्या ताई, ते बरं होईल. पण बाई, आमच्यासारख्यांच्या घरी हे कुणी करायचं, हे मी मघाशी विचारलं होतं. गच्चीवर चौथी चालेल का, आमची साडेचार वर्षांची आहे, सोडायला मी येईन, फर्स्ट शिफ्ट नसेल त्या दिवशी.